समजा असं झालं, तर पुढं?

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला आणि हस्तलिखितांचा गठ्ठा घरी आला. एका संस्थेनं विज्ञान कादंबरीची स्पर्धा ठेवली आहे, पहिल्या फेरीचं वाचन माझ्याकडे आहे. भौतिकशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली आणि गोष्टींचा नाद शाळेपासूनचा. दोन्हींचा उपयोग होईल असं काम क्वचित मिळतं, म्हणून आनंदानं हो म्हटलं.

पहिली कादंबरी संध्याकाळपर्यंत संपली. साल २१५०, मंगळाकडे निघालेलं यान, आत दोन ज्येष्ठ शास्त्रज्ञ. एक दुसऱ्याला म्हणतो, "तुला माहीतच आहे की मंगळावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण ३८ टक्के आहे." दुसरा म्हणतो, "हो, आणि तिथलं वातावरण मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचं आहे." पानामागून पान हेच. एकही आकडा चुकलेला नाही. पण तीस वर्षं एकाच विषयात काम केलेली दोन माणसं एकमेकांना दहावीचा धडा का सांगतील? ती एकमेकांशी बोलतच नाहीत. लेखक त्यांच्या तोंडून माझ्याशी बोलतो आहे.

मंगळावर उतरल्यावर पहिल्याच दिवशी एखाद्यानं पाण्याचा कॅन उचलला, पृथ्वीवरच्या सवयीनं जोर लावला आणि कॅन डोक्यावरून मागं गेला, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ३८ टक्के म्हणजे काय ते वाचकाच्या दंडाला कळलं असतं. या कादंबरीत मात्र मंगळावर कुणीच काही उचलत नाही. सगळे उभे राहून सांगतात.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी करवीर नगर वाचन मंदिरात गेले. १८५० सालची संस्था. मराठी विज्ञानकथेची जुनी पुस्तकं पुन्हा चाळायची होती, कारण आजच्या लेखकाला जोखायचं तर त्याच्या मागं काय उभं आहे ते डोळ्यांसमोर हवं.

मागं पुष्कळ काही उभं आहे. ज्यूल व्हर्न एकोणिसावं शतक संपता संपताच मराठीत यायला लागला. पुढं भा. रा. भागवतांनी त्याला मराठी मुलांच्या घरातला केला. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकानं अद्भुताची आवड जोपासली. नारायण धारपांनी भयकथांच्या जोडीनं विज्ञानकथाही लिहिल्या. मग जयंत नारळीकर आले. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९ जुलै १९३८चा. बालपण बनारसला गेलं, संशोधन केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर झालं. हे हॉईल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहीत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. जगातला नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ आपली कथा निव्वळ कथा म्हणून तपासली जावी यासाठी एवढी काळजी घेतो, हे मला फार मोलाचं वाटतं. यंदा २० मे रोजी ते गेले.

मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली ती मराठीतून विज्ञानाचा प्रसार करण्यासाठी. विज्ञानकथेला तिनं व्यासपीठ दिलं, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे अशी लिहिणारी पिढी याच काळात पुढं आली. हा उपकार मोठा आहे. पण त्यातून एक समज रुजला की विज्ञानकथा म्हणजे गोड वेष्टनातलं विज्ञान. चांगल्या लेखकांनी तो समज मनावर घेतला नाही, कच्च्या लेखकांनी घेतला. त्यांना वाटतं, माहिती बरोबर असली की झालं. परवाची मंगळाची कादंबरी त्याच समजातून आली आहे. माहितीच द्यायची असेल तर सरळ लेख लिहावा. मराठीत उत्तम विज्ञानलेखांची परंपरा आहे आणि ती कादंबरीपेक्षा कमी प्रतीची मुळीच नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे पंचगंगा घाटावर गेले होते. पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या, पाण्यात त्यांचा उजेड, थंडीतही ही गर्दी. परत येऊन वाचायला घेतलं ते हस्तलिखित नेमकं याच नदीच्या पुरावरचं निघालं, म्हणून फार अपेक्षेनं बसले.

२०१९चा महापूर. कादंबरीत तो शत्रुराष्ट्राच्या ढग हलवणाऱ्या यंत्रामुळं आलेला आहे. कोल्हापूरचा तरुण शास्त्रज्ञ त्या यंत्राचा शोध लावतो, शेवटच्या प्रकरणात उलटा संदेश पाठवतो, ढग पांगतात, पूर ओसरतो, लोक त्याला खांद्यावर घेतात.

तो पूर आम्ही पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, मालट्रकांच्या रांगा लागल्या, गावोगावच्या लोकांनी त्या ड्रायव्हरांना जेवण पोचवलं. शिरोळ तालुक्यात माणसं होडीत बसली, पण गोठ्यातली म्हैस सोडून यायला तयार होईनात. पाणी उतरल्यावर घराघरातून गाळ काढताना जो वास होता, तो अजून नाकातून जात नाही. कादंबरीत यातलं काहीच नाही. पूर आहे पण गाळ नाही, ४३ हा आकडा नाही, म्हैस नाही.

यंत्राची कल्पना मात्र टाकाऊ नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. समजा, ढग हलवता येतात. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लाख टन पाणी झालं. एवढं पाणी राधानगरीच्या डोंगरावरून उचललं, तर ते कुठं तरी टाकावं लागणारच. कुठं टाकायचं? सांगलीवर? बेळगावच्या बाजूला? आधीच अलमट्टीच्या उंचीवरून दोन राज्यांत इतकी वर्षं वाद आहे, त्यात हे यंत्र आलं तर त्याची किल्ली कुणाच्या हातात राहील? उसाला पाणी हवं असणारा आणि घर वाचवायला निघालेला एकाच गावात राहतात, कधी कधी एकाच घरात. त्या घरातली जेवणाची पंगत लिहिली असती तर मी रात्रभर जागून वाचली असती. शत्रुराष्ट्राची गरजच उरली नसती.

आणि अद्भुतच हवं असेल, तर शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणावर जावं. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरून पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. आमच्याकडे दर पावसाळ्यात कितवा दरवाजा उघडला याची बातमी होते, घराघरात चर्चा होते. नदीकाठचं आख्खं शहर एका दरवाजाच्या हालचालीकडे कान लावून बसतं. विज्ञान कादंबरीला याहून चांगलं पहिलं प्रकरण मिळणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्री धाकटे दीर जेवायला होते. शिरोली एमआयडीसीत त्यांची लहानशी फौंड्री आहे. टेबलावरचा गठ्ठा बघून म्हणाले, "वहिनी, यात आमच्या कामाचं काही आहे का?" मी गठ्ठा बाजूला ठेवला आणि व्हर्नची १८६५ची चांद्रमोहीम काढून दिली. तोफ ओतण्याचं प्रकरण वाचा म्हटलं.

जमिनीत खोल विहिरीसारखा खड्डा, तोच साचा. मधोमध मातीचा गाभा. खड्ड्याभोवती गोल १२०० भट्ट्या. इशारा होताच सगळ्या भट्ट्यांतून एकदम लोखंड सुटतं. मग कितीतरी दिवस जमीन इतकी तापलेली की जवळ जाता येत नाही, आणि ओतकाम साधलं की फसलं हे कुणालाच कळत नाही. भाऊजी ताटावरून उठेनात. म्हणाले, "बाराशे भट्ट्यांचा माल एकाच उष्णतेला आणायचा म्हणजे खेळ नाही. आणि गाभा सरकला तर? वायू बाहेर जायला वाट ठेवलीय का नाही यानं?" मग आपणच पुढं वाचायला लागले. ज्या माणसानं जन्मात कादंबरी हातात घेतली नाही, तो गार आमटी खात १६० वर्षांपूर्वीच्या फ्रेंच लेखकाशी वाळू आणि वायूवरून भांडत होता.

आता याच कादंबरीतलं विज्ञान बघू. तोफ ९०० फूट लांब. तेवढ्या अंतरात गोळ्याला सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग द्यायचा. गणित केलं तर आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजारपटींहून जास्त जोर येतो. गोळा नळीतून बाहेर पडायच्या आत प्रवाशांचा लगदा झालेला असणार. व्हर्ननं धक्का शोषायला पाण्याचा थर ठेवला आहे, त्यानं काही होत नाही. म्हणजे मूळ कल्पनाच चुकीची, तरी कादंबरी जिवंत आहे.

उलट उदाहरण ह्यूगो गर्न्सबॅक यांचं. विज्ञानकथांना वाहिलेलं 'अमेझिंग स्टोरीज' मासिक त्यांनी १९२६ साली काढलं आणि या क्षेत्रातला मोठा पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. १९११ साली त्यांनी 'राल्फ १२४सी ४१+' ही कादंबरी क्रमशः लिहायला घेतली. दूरवरचं माणूस दिसणारा फोन तिच्यात आहे, रडारच्या तत्त्वाचं वर्णनही आहे. भाकितं खरी ठरली, कादंबरी मात्र आज अभ्यासकांशिवाय कुणी उघडत नाही. राल्फ एक यंत्र दाखवतो, समजावतो आणि पुढच्या यंत्राकडे वळतो. त्याला कशाचीही भीती नाही, कशाचा तुटवडा नाही.

व्हर्नची माणसं मात्र अडचणीत आहेत. यादवी युद्ध संपल्यामुळं तोफांचा धंदा बसलेले लोक आहेत ते. देशोदेशी वर्गणी गोळा करतात, तोफ कुठं बसवायची यावरून फ्लोरिडा आणि टेक्सास भांडतात. आपली कल्पना खरी करायला किती पैसे, किती लोखंड, किती भांडणं लागतील याचा हिशेब व्हर्ननं प्रामाणिकपणे मांडला आहे. वाचकाला हा हिशेब हवा असतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आजच्या हस्तलिखितात अदृश्य होण्याचं औषध आहे. नायक ते घेतो, कपड्यांसकट नाहीसा होतो, चोरांना पकडतो, पुन्हा दिसायला लागतो. औषधाचा एक थेंबही त्याला बाधत नाही.

एच. जी. वेल्सनं १८९७ साली हाच विषय घेतला. त्याचा माणूस अदृश्य होतो, पण कपडे होत नाहीत. म्हणजे न दिसण्यासाठी इंग्लंडच्या हिवाळ्यात उघडं फिरायचं. सर्दी होते आणि शिंक ऐकू येते. बर्फात पाऊल उमटतं. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहतं, म्हणून चारचौघांत खाता येत नाही. गर्दीत माणसं अंगावर येऊन आदळतात, कारण समोर कुणी आहे हे त्यांना कळतच नाही. ताकद म्हणून घेतलेली गोष्ट एकेका पानागणिक शिक्षा होत जाते, आणि माणूस चिडत चिडत क्रूर होतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं इथंही भोक आहे. डोळा पूर्ण पारदर्शक झाला तर त्याच्यात प्रतिमा उमटणार नाही, अदृश्य माणूस आंधळा असायला हवा. वाचताना मला ते माहीत असतं आणि मी ते सोडून देते. वेल्सनं माझ्याकडून एक गोष्ट मान्य करून घेतली आणि बाकी सगळं चोख ठेवलं.

विज्ञान कादंबरीचा सगळा व्यवहार यावर उभा आहे, असं मला या गठ्ठ्यानं पटवलं. वाचक लेखकाला एक सवलत देतो. समजा माणूस अदृश्य झाला, समजा काळात मागं जाता आलं, समजा ढग हलवता आले. एकदाच. त्यानंतर लेखकानं आपल्याच कल्पनेशी इमान राखायचं. पान १० वर नियम केला की यान प्रकाशापेक्षा वेगानं जात नाही, तर पान १९० वर नायिका मरायला टेकली म्हणून ते जाऊ द्यायचं नाही. फसलेल्या कादंबऱ्यांत नेमकं हेच होतं. अडलं की नवं यंत्र, पुन्हा अडलं की नवा किरण. असं कळलं की वाचकाला कुणाचीच काळजी वाटेनाशी होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस. संध्याकाळी महाद्वारात उभी राहिले होते. सूर्य खाली उतरतो तशी किरणं महाद्वारातून गरुड मंडपाकडे, पितळी उंबऱ्यावर आणि आत गाभाऱ्याकडे सरकतात. परंपरेनं पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मध्यावर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ढग, धूळ, वाटेतली बांधकामं यांची अडचण होते, म्हणून दर वर्षी सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

योगायोग असा की एका हस्तलिखितात हाच किरणोत्सव आहे. त्यात मंदिर परग्रहवासीयांनी बांधलेलं आहे. किरणं मूर्तीवर पडली की अंतराळात संदेश जातो. असं का आणि कसं, याला लेखकाचं उत्तर एकच: त्यांचं विज्ञान आपल्या पलीकडचं होतं.

हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण खरी गोष्ट कागदाच्या एका पाठकोऱ्या बाजूवर मांडता येते आणि ती या कल्पनेपेक्षा कितीतरी भव्य आहे. उत्सव वर्षातून दोनदा: ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मध्ये २१–२२ डिसेंबर, सूर्याचं दक्षिण टोक. त्याच्या आधी सुमारे ४१ दिवस आणि नंतर सुमारे ४१ दिवस. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, परत येताना पुन्हा त्याच जागी मावळतो. आपल्या अक्षांशावर ती जागा नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला येते. या दिवसांत मावळतीची जागा रोज जवळजवळ अर्ध्या सूर्यबिंबाइतकी सरकते, म्हणून किरणांना गाभाऱ्याची वाट दोन-चार दिवसच मोकळी मिळते.

हे कुणी तरी पाहिलं. दुर्बीण नव्हती, घड्याळ नव्हतं. क्षितिजावरची एखादी खूण धरून वर्षानुवर्षं मावळती बघितली, दिवस मोजले, ढगाळ वर्ष वाया गेलं तर पुढच्या वर्षाची वाट पाहिली. त्या माणसाची कादंबरी लिहा ना! ऐन तीन दिवसांत आभाळ भरून आलं तर त्याचं काय होत असेल? दगड बसवणारा त्याच्यावर विश्वास ठेवत असेल का? परग्रहवासी आणले की या माणसाच्या पदरातलं सगळं काढून घेतलं जातं. अशा कादंबऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. त्या विज्ञानाचं नाव घेतात आणि निरीक्षण करणाऱ्या माणसालाच गोष्टीबाहेर घालवतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज दोन हस्तलिखितं सलग वाचली. दोन्हींत घाई दिसते. कॅप्टन, स्वयंपाकी, यंत्रमानव आणि शनीच्या उपग्रहावरचा जीव, सगळे वर्तमानपत्राच्या अग्रलेखाच्या भाषेत बोलतात. एकातला शेवट तर दीड पानात उरकला आहे. युद्ध, विजय, लग्न आणि समाप्त.

घाईचं सर्वांत मोठं उदाहरण इंग्लंडातलं. १९५० आणि ६०च्या दशकांत बॅजर बुक्स नावाची स्वस्त पुस्तकांची मालिका निघे. तिच्यासाठी लायनेल फॅन्थॉर्प यांनी वेगवेगळ्या टोपणनावांनी दीडशेहून अधिक पुस्तकं लिहिली. मुखपृष्ठाचं चित्र आधी यायचं, त्यावरून गोष्ट करायची. ते टेपरेकॉर्डरवर बोलत जात, घरची माणसं टंकलेखन करत. कादंबरी आठवड्याअखेरीस पुरी व्हायची. शब्दसंख्या भरायची म्हणून एकच गोष्ट दहा विशेषणांनी सांगायची आणि शब्द भरत आले की दोन परिच्छेदांत संकट संपवायचं. त्या माणसाकडे कल्पना होत्या, उत्साह तर अफाट होता. फक्त एका कल्पनेपाशी थांबायला त्याला वेळच दिला गेला नाही.

आपल्याकडे असा कारखाना नव्हता, पण दिवाळी अंकाची तारीख असते, स्पर्धेची तारीख असते. कालमर्यादा पाळणं गरजेचं आहे. तरी एक गोष्ट लेखकाला विनवून सांगावीशी वाटते: शेवट आधी लिहून बघा. सुरुवातीला मांडलेल्या कल्पनेतून तो निघत नसेल, तर कल्पना अजून तुमची झालेली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शिवाजी विद्यापीठात शिकतो, कागलकडचा आहे. स्पर्धेत त्याचं काही नाही, म्हणून मोकळेपणानं बोलता आलं.

"मॅडम, एक कादंबरी डोक्यात हाय. गेलेल्या माणसाचा आवाज कॉम्प्युटर तयार करतो. नुसता आवाज न्हाई, तो माणूस बोलायचा तसंच बोलतो. मग एक कंपनी त्यावरनं सगळ्या जगावर ताबा मिळवती."

मी विचारलं, "जग राहू दे. तुझ्या घरात पहिला फोन कोण करेल?"

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आज्जी. आजोबास्नी."

"काय बोलेल?"

"पहिल्यांदा भांडंल. मला न सांगता गेलास म्हणून."

मग आम्ही तासभर बोललो. दर महिन्याचे पैसे कोण भरणार? एका महिन्यात पैसे नसले तर आजोबा पुन्हा जाणार का? गावात कळलं तर लोक काय म्हणतील? आणि तो आवाज एक दिवस म्हणाला, की विहिरीजवळचा तुकडा धाकट्याला द्यायचा होता, तर? थोरला ते मानेल का? तलाठी मानेल का? आवाज आजोबांचा, पण ते मत कुणाचं? वाटणीचा प्रश्न आला तसा त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "मॅडम, ह्यातनं आमच्यात खरंच मारामारी हुईल." मी म्हटलं, मग तिथूनच लिही.

त्याला नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचायला दिली. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी समजा त्यांना चाटून गेली असती, तर? एवढाच फरक. त्यातून मराठ्यांचा विजय होतो आणि इतिहास दुसरी वाट धरतो. त्या दुसऱ्या मुंबईत पोचलेला प्राध्यापक आधी ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तकं काढतो, कारण तो इतिहासाचा माणूस आहे, दुसरं काही सुचणारच नाही. शेवटी हातात उरतं बखरीचं एक पान. मराठी वाचकाच्या मनातलं अडीचशे वर्षांचं दुखणं आणि आधुनिक भौतिकशास्त्रातली कल्पना तिथं एकत्र येतात. नारळीकर व्यक्तिरेखांच्या अंतरंगात फार खोल उतरत नसत, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करावं. पण कुठला प्रश्न कुठल्या माणसापुढं ठेवायचा, हे त्यांना अचूक कळत होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

अहवाल लिहून झाला. पुढच्या फेरीसाठी दोन हस्तलिखितांची शिफारस केली. एकात विज्ञानाच्या दोन ढोबळ चुका आहेत, त्या मी समासात दाखवून दिल्या. दुरुस्त करणं अवघड नाही. दुसऱ्यात चूक नाही, भाषा थोडी जड आहे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: मांडलेल्या कल्पनेची झळ गोष्टीतल्या कुणाला तरी लागते, आणि लेखक तिथून पळ काढत नाही.

बाकीच्या लेखकांना संस्थेमार्फत पत्र जाणार आहे. त्यात मी जे लिहिलं ते इथंही उतरवून ठेवते.

तुमची कादंबरी विज्ञान कमी पडलं म्हणून मागं राहिली नाही. तुम्ही पुष्कळ वाचलं आहे, ते दिसतं. तुम्ही एक विलक्षण गोष्ट कल्पिली आणि तिचं पुढं काय होईल हे बघायला थांबला नाहीत. पुन्हा लिहाल तेव्हा एकच कल्पना घ्या. तिचे नियम कागदावर लिहून समोर लावा आणि ते शेवटच्या पानापर्यंत मोडू नका. ती कल्पना आधी तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात आणून बघा: खर्च कोण करेल, फायदा कुणाला, रात्री झोप कुणाची उडेल. ज्या धंद्याबद्दल लिहाल त्या धंद्यातल्या माणसाला एक प्रकरण वाचून दाखवा. तो वाद घालायला लागला तर समजा की जमलं. आणि पात्रांना माहीत असलेली गोष्ट त्यांना एकमेकांना सांगायला लावू नका.

मराठीत चांगल्या विज्ञान कादंबऱ्या अजून फार थोड्या आहेत. जागा मोकळी आहे, विषय दारात पडले आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा. मी वाचेन.